नावावर विश्वास ठेवणारा कंपायलर

कलबुर्गी, आळंद, बसवकल्याण भागात तुरीची पेरणी जून-जुलैच्या पावसावर बेतलेली असते. तो पाऊस संगणकावर मांडण्याचं काम पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालतं. ही संस्था १९६२ सालची. तिथे आज ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्का' हा महासंगणक आहे, आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर जाळीचं भारत फोरकास्ट सिस्टीम तिथूनच आलं. जगभरच्या अशा मॉडेलांचा मोठा भाग फोरट्रानमध्ये लिहिलेला असतो. आयबीएमने ही भाषा १९५७ मध्ये आणली, तरी आकडेमोडीच्या वेगात ती अजून हटत नाही.

तिची एक जुनी सवय मात्र जपून हाताळावी लागते. क्षेत्रफळ काढणाऱ्या सबरुटीनला कुठल्या फंक्शनच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं ते सांगण्यासाठी फंक्शनच आर्ग्युमेंट म्हणून द्यावं लागतं. फोरट्रान ७७ मध्ये त्यासाठी 'एक्स्टर्नल' एवढंच लिहायचं. त्यावरून कंपायलरला कळतं की हे एका प्रोसीजरचं नाव आहे. ती काय घेते, हे तो विचारत नाही. पुढे लिंकरही फक्त नाव जुळवतो.

समजा, सबरुटीन डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ८ बाइटांत १.० पाठवतं आणि फंक्शन ४ बाइटांचा साधा रिअल वाचतं. फोरट्रान सहसा किमतीऐवजी तिचा पत्ता देते. इंटेलच्या यंत्रावर त्या पत्त्याचे पहिले चार बाइट शून्य असतात, म्हणून फंक्शनला १.० च्या जागी ० दिसतो. ०.५ पाठवा, २.५ पाठवा, तरी ०च. एकही चूक दाखवली जात नाही, प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो आणि उत्तर म्हणून एक आकडा छापतो. खरी धास्ती त्या आकड्याचीच आहे.

फोरट्रान ९० ने इंटरफेस ब्लॉक आणि मॉड्यूल दिले, २००३ च्या आवृत्तीने अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरफेस. आता फंक्शनचा साचा एकदा लिहिला की न जुळणारं फंक्शन कंपायलर तिथेच अडवतो.

पण जुना कोड? २०२० च्या जीसीसी १० या कंपायलर-संचापासून त्यातला फोरट्रान कंपायलर जीफोरट्रान एकाच फाइलमध्ये दिसणाऱ्या अनेक विसंगती थेट चूक मानू लागला. बरीच पॅकेजं कंपाइल होईनात, आणि लोकांनी मेकफाइलमध्ये 'अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा पर्याय घालून काम भागवलं. तात्पुरता म्हणून घातलेला पर्याय वर्षानुवर्षं तिथेच राहतो, हे बरं नाही. हाताने लिहिलेला इंटरफेस ब्लॉकही चुकू शकतो, कारण मूळ प्रोसीजर दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर कंपायलर त्या ब्लॉकलाच प्रमाण मानतो. मॉड्यूल हा धोका टाळतं. त्यासाठी मात्र लाखो ओळींचा कोड नव्याने लावावा लागतो, फाइलींचा कंपाइल होण्याचा क्रम ठरवावा लागतो, आणि कंपायलर बदलला की आधी कंपाइल केलेलं मॉड्यूल बऱ्याचदा वाचता येत नाही, म्हणून लायब्ररी पुन्हा मुळापासून कंपाइल करावी लागते.