सार्वजनिक कामे आणि शेतकऱ्याची जमीन

रस्ते, कालवे, धरणे ही लोकोपयोगी कामे होत, हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांकरिता जमीन घेताना सरकारची वाट वारंवार अडते. १८९४ च्या कायद्यात जमीनमालकाच्या संमतीची अटच नव्हती. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला तो याच कायद्याच्या अमलात. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. त्यात मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम मिळते. खाजगी कंपनीच्या कामास ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. निव्वळ सरकारी कामास ती लागत नाही.

एवढे होऊनही तंटे मिटत नाहीत, कारण दोष पुष्कळदा सातबाऱ्यातही असतो. आजा वारला, वारसनोंद नाही. भावांत वाटणी झाली, फेरफार नाही. मग मोबदला वादात अडकतो व कामही रखडते. म्हणून वाचकांस आमचे आग्रहाचे सांगणे की, नोटिशीची वाट न पाहता नोंदी दुरुस्त कराव्या. मोजणीवेळी हजर राहून विहीर व फळझाडे लिहवून घ्यावी. रक्कम कमी वाटल्यास ती हरकत नोंदवूनच स्वीकारावी. मुकाट्याने घेतल्यास वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो.