रायपूरचा पिन : ४९२००१

चार लाख ब्याण्णव हजार एक. रायपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा हा पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन सुरू झाला, त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, शिवाय संस्कृत कवी. पहिला ४ महाराष्ट्र-गोव्यालाही तोच. ४९ म्हणजे छत्तीसगड.

पत्ता विसरून नुसती संख्या घेतली तर? २९पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जात नाही. आपण कंटाळून तिलाच मूळ संख्या ठरवणार, तेवढ्यात ३१ला ती फुटते : ३१ × ५९ × २६९. खरी गंमत पुढे. तिचे विभाजक आठ. तिच्यासकट त्यांची बेरीज ३२ × ६० × २७०, म्हणजे ५,१८,४००. हा नेमका ७२०चा वर्ग! वेलणकरांच्या ध्यानीमनीही नसणार.

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिला वेगळं तपासलं असतं. ४९१९६६मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज, ३५, मिळवा, येतात ४९२००१. असा जनक नसलेली संख्या ती ‘स्वयंभू’, म्हणजेच देवळाली संख्या. रायपूरची त्यात बसत नाही. हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी, तीही नाही : अंकांची बेरीज १६, आणि विषम संख्येला १६ने भाग जायचा कसा?