तराजू कोणाच्या हाती?

माल कोणाचाही असो, तराजू सौद्यातील एकाच पक्षाच्या मुठीत असता कामा नये, हा धडा वऱ्हाडाने कापसाच्या व्यापारात फार पूर्वीच घेतला आहे. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. दलाल व मापारी यांना परवाने आले, बाजारावर समितीची देखरेख आली. तोच प्रश्न आज मोबाईल फोनच्या रूपाने पुन्हा उभा आहे.

फोनचा वेग मोजणारी ‘गीकबेंच’, ‘थ्रीडीमार्क’ यांसारखी ॲप्स फोनकडून ठराविक कामे करवून घेतात आणि त्याला गुण देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलचा ‘पिक्सेल ८’ बाजारात येण्यापूर्वी तो ज्या परीक्षकांच्या हाती दिला गेला, त्यांना ही ॲप्स प्ले स्टोअरवरून घेता येईनात. आडवाटेने मात्र ती चालत होती. फोन गूगलचा, त्यातील प्रोसेसर गूगलचा आणि ॲप्सचा बाजारही गूगलचाच! विकणारा आणि बाजार चालविणारा एकच असला, म्हणजे तराजू दडविणे किती सोपे होते, याचे हे उदाहरण होय.

अशा गुणांवरून फोनची खरी योग्यता कळत नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. २०१३ साली सॅमसंगचे काही फोन चाचणीची ॲप्स ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवीत असल्याचे उघड झाले. २०२२ मध्ये याच कंपनीचे फोन नेहमीच्या ॲप्सचा वेग आवरतात, चाचणीच्या ॲप्सचा मात्र नाही, असे आढळल्यावर गीकबेंचने त्यांतील काही फोन आपल्या यादीतून वगळले. परंतु मापात पाप होते म्हणून मापेच काढून घेणे, हा त्यावरील उपाय नव्हे. माप अधिक चोख करणे, हाच उपाय आहे.

विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहक अंधारात, अशा बाजारात चांगला मालही मागे पडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखविले होते. अमरावतीच्या राजकमल चौकात हप्त्यांवर फोन घेणारा विद्यार्थी किंवा अकोल्यातील कारकून पहिल्याच दिवसांतील परीक्षणे वाचून निर्णय घेतो. नेमक्या त्याच वेळी माप बंद ठेवले, तर पुढे मिळणाऱ्या माहितीचा त्याला उपयोग काय? पैसे गेलेले असतात आणि हप्ते सुरू झालेले असतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. कोणत्याही उत्पादकाने स्वतंत्र चाचणीस अडथळा आणू नये, असा स्पष्ट नियम त्याच्या आधारे व्हावयास हवा. कापसाच्या गाडीला जो न्याय वऱ्हाडाने मिळवून दिला, तो खिशातल्या यंत्राला नाकारण्याचे कारण नाही.