दाराला लावलेला दगड

मिरग लागायच्या आधीचे आठ-दहा दिवस भातकुलीत काकांच्या कृषी केंद्रात बसायची मला लहानपणापासूनची सवय. रांगेतला शेतकरी खताचं नाव घेत नाही, आकडे सांगतो : ‘अठरा-छेचाळीस दे दोन थैल्या.’ अठरा म्हणजे नत्र, छेचाळीस म्हणजे स्फुरद. नत्र हवेतून ओढून बांधता येतं, एवढं शाळेत शिकलो होतो. स्फुरद कुठून येतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. काकांना विचारलं तर म्हणाले, “कुठून येते, हे पाहून का करतं? आपल्याले माल भेटल्याशी मतलब.”

पुढे कधीतरी खतकंपन्यांचे इतिहास चाळायचा नाद लागला, आणि एका ओळीवर अडकलो. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी २४ डिसेंबर १९८१ रोजी स्थापन झाली, ती भारत सरकार आणि नौरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीत. नौरू? आधी वाटलं, छपाईची चूक असावी. मग नकाशा उघडला. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली, पेन्सिलीचं टोक टेकवावं एवढा ठिपका. क्षेत्रफळ एकवीस चौरस किलोमीटर, वस्ती आज बारा हजारांच्या आतबाहेर. अमरावतीहून निघून भातकुली गाठेपर्यंत तिथे सगळ्या देशाला एक चक्कर मारून होते. असल्या देशाचा पैसा आपल्या खताच्या कारखान्यात काय करत होता? या एका प्रश्नानं माझी बरीच वर्षं खाल्ली.

उत्तराची सुरुवात एका दगडापासून होते. १८९९ साली सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक दगड लावलेला असे. नौरूहून डेन्सन नावाच्या गृहस्थानं तो आणलेला. झाडाचं खोड दगड होऊन बसलंय, असा सगळ्यांचा समज. अल्बर्ट फुलर एलिस नावाचा तिशीतला कर्मचारी त्या दाराशी रोज जा-ये करायचा. त्याला शंका आली. दुसऱ्या बेटांवरचा फॉस्फेटचा दगड त्यानं हाताळला होता, हा तसाच दिसत होता. वरिष्ठांनी उडवून लावलं. तीनेक महिन्यांनी एलिसनं एक टवका काढून तपासला, तर तो अव्वल दर्जाचा फॉस्फेट निघाला.

हा एलिस मला सोडत नाही. तो क्रूर नव्हता. धार्मिक, शिस्तीचा, नोंदी व्यवस्थित ठेवणारा. पुढे त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि १९५१ साली मरेपर्यंत तो फॉस्फेटच्याच कारभारात राहिला. पण त्याच्या हातून झालेला एक कागद वाचला की अशा नेमस्त माणसांचीच जास्त भीती वाटते.

नौरू तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं, म्हणून एलिस आधी शेजारच्या बनाबा बेटावर उतरला. शेजारचं म्हणजे पूर्वेला तीनशे किलोमीटर. तिथेही तोच दगड, तितकाच अव्वल. ३ मे १९००, म्हणजे उतरला त्याच दिवशी, त्यानं तिथल्या लोकांशी करार केला. बनाबावर फॉस्फेट खणून नेण्याचा सगळा हक्क कंपनीला. मोबदला वर्षाला पन्नास पौंड, तोही रोख नाही तर तेवढ्या किमतीच्या मालात दिला तरी चालेल. मुदत ९९९ वर्षं. सही म्हणून तेमाते नावाच्या माणसाची फुली. कागदावर त्याला राजा म्हटलंय. बनाबाला राजा नव्हताच. जमीन घराघरांची, कुटुंबाकुटुंबांची होती, आणि ती विकायचा अधिकार कुणा एकाला नव्हता.

आपल्याकडे सावकारी खतांवर उमटलेले अंगठे अनेकांनी पाहिले असतील. पण त्या सावकारालाही कुणबी मरेल, त्याचा नातू कोर्टात जाईल, ही धास्ती असे. ९९९ वर्षं लिहिणाऱ्याला कसलीच धास्ती नव्हती. हा करार २८९९ साली संपायचा होता. बनाबातला दगड १९७९ सालीच संपला. तोवर तिथले लोक तिथे राहिलेच नव्हते : महायुद्ध संपताच, डिसेंबर १९४५ मध्ये त्यांना जहाजात घालून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन उतरवलं होतं. ज्या फिजीत आपले गिरमिटिये ऊस तोडायला गेले, तिथेच.

नौरूची पाळी लगेच आली. कंपनीनं जर्मनांशी वाटाघाट करून खाणकाम सुरू केलं. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्यानं बेट घेतलं. मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाचं मंडळ बसवून दगडाची वाटणी केली : ४२, ४२ आणि १६ टक्के. दगड जगाच्या भावापेक्षा स्वस्तात या देशांच्या शेतात जाई. तिथल्या पिवळ्या पडलेल्या जमिनी गवतानं हिरव्या झाल्या, मेंढ्या धष्टपुष्ट झाल्या. त्या मंडळावर न्यूझीलंडचा प्रतिनिधी कोण? एलिसच.

माणसांचं काय चाललं होतं? १९२० च्या इन्फ्लुएन्झानं बेटावरचे शंभरातले अठरा नेले. जमात टिकायची तर किमान दीड हजार माणसं हवीत, असं तेव्हा ठरलं. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी दीड हजारावं मूल जन्मलं, एक मुलगी. तो दिवस तिथे ‘अंगाम’ म्हणून आजही सण आहे. जनगणनेचा आकडा हा सण असलेला दुसरा देश मला ठाऊक नाही. दहा वर्षांनी जपानी आले आणि बाराशे नौरूवासीयांना ट्रक बेटावर मजुरीला घेऊन गेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले ७३७. परतलेल्यांत ती अंगामची मुलगी नव्हती.

परतलेल्यांत एक शाळामास्तर मात्र होता, हॅमर डीरोबर्ट. माझ्या मते या गोष्टीचा नायक तोच. ऑस्ट्रेलियात जीलाँगला शिकलेला, बोलायला मृदू, हिशेबाला पक्का. साठीच्या दशकात दगड संपणार हे दिसू लागलं, तेव्हा ऑस्ट्रेलियानं तोडगा सुचवला : क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतचं कर्टिस बेट देतो, सगळे तिकडे राहायला चला. घरं देऊ, नोकऱ्या देऊ, नागरिकत्व देऊ. वरवर पाहता उदार प्रस्ताव. डीरोबर्टनं विचारलं, तिथे सत्ता कुणाची? उत्तर आलं, ऑस्ट्रेलियाची. १९६४ साली नौरूनं नकार कळवला.

आमच्या तालुक्यात निंभ्याजवळ निम्न पेढी प्रकल्प आला, तेव्हा ‘पुनर्वसन’ हा शब्द गावागावात पोचला. प्लॉट किती, मोबदला किती, देऊळ नव्या गावठाणात कुठे बसवायचं, यावर रात्र रात्र बैठका. त्या बैठकांत मी बसलेलो आहे. ‘नकोच’ म्हणायची सोय तिथे कुणालाच नव्हती. म्हणून डीरोबर्टच्या त्या नकाराचं मोल मला जरा जास्त वाटतं. राबीवर नेऊन उतरवलेले बनाबाचे लोक त्याच्या डोळ्यांपुढे होते. नौरूनं आधी खाण विकत घेतली, दोन कोटी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना. आणि ३१ जानेवारी १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. तारीख मुद्दाम निवडलेली, ट्रकहून परतल्याची.

राज्यघटनेत फार गुंतत नाही. एकच सभागृह, आज १९ सदस्य. तेच आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात. राष्ट्रप्रमुख तोच, सरकारचा प्रमुखही तोच. फौज नाही. अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत, इतकंच. झेंड्यावर निळ्यात एक पिवळी रेघ, तिच्याखाली बारा टोकांचा तारा, बारा कुळांचा. पक्ष नावालाच, त्यामुळे अविश्वास ठराव सारखे.

पण मतमोजणीपाशी थांबायला हवं. १९७१ साली तिथले न्याय सचिव डेस्मंड डाउडॉल यांनी एक पद्धत बसवली, ती अजून चालते. मतदारानं सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्या पसंतीला एक गुण, दुसऱ्या पसंतीला अर्धा, तिसऱ्या पसंतीला एक तृतीयांश. निमकी-पावकी पाठ केलेल्या पिढीला हे चटकन कळेल. समजा दहा मतदार आणि तीन उमेदवार. पहिल्याला चौघांची पहिली पसंती, सहा जणांची शेवटची : चार अधिक दोन, सहा. दुसऱ्याला तिघांचीच पहिली पसंती, पण उरलेल्या सातांची दुसरी : तीन अधिक साडेतीन, साडेसहा. दुसरा जिंकला. चार घरं खूश करून सहा घरांशी वैर घेणारा इथे पडतो. आपल्या ग्रामपंचायतीला ही पद्धत लावून पाहावी, असं मला दर पाच वर्षांनी वाटतं.

मग पैसा आला. सत्तरीच्या दशकात माणशी उत्पन्नात नौरू जगाच्या वरच्या पंगतीत बसलं. करच नाही. स्वतःची विमान कंपनी. मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस. मेलबर्नकरांनी त्याचं नाव ठेवलं पक्ष्याच्या शिटीचा मनोरा, कारण फॉस्फेट समुद्रपक्ष्यांच्या शिटीचा होतो असं सगळे मानत. इथून पुढची गोष्ट वर्तमानपत्रं एकाच सुरात सांगतात : अडाणी बेटकऱ्यांना घबाड मिळालं, त्यांनी उडवलं. दाखला ठरलेला : १९९३ साली लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात नौरूनं पैसा घातला, लंडनमध्ये ते सपशेल आपटलं.

नाटकाची चूक मी झाकत नाही. पण याच लोकांनी पारादीपमध्येही पैसा घातला होता. नुसता दगड विकणारा कायम कच्च्या मालाचा धनी राहतो. दगडाला आम्ल लावून विद्राव्य स्फुरद करायचं, त्याचं खत बनवायचं, फायदा त्या टप्प्यावर असतो. वऱ्हाडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत नुसता फॉस्फेटचा दगड दळून टाकला तर तो तसाच पडून राहतो. पीक खातं ते कारखान्यातून आलेलं. कापूस पिकवून गाठी बाहेर पाठवणाऱ्या आणि कापड दुसऱ्याचं विकत घेणाऱ्या आपल्या मुलखाला हा हिशेब कुणी समजावायला नको. नौरूला तो कळला होता. त्यांनी फिलिपाइन्समध्येही खत कारखान्यात भागीदारी केली. पारादीपला १९८६ पासून डीएपी, म्हणजे तेच अठरा-छेचाळीस, निघू लागलं.

१९९३ साली नौरू पारादीपमधून बाहेर पडलं आणि कंपनी पूर्णपणे भारत सरकारची झाली. नाटक आपटलं तेच साल. नाटकावर रकाने भरून आले, भागीदारी संपल्याची ओळही नाही. पुढे सरकारनं ती कंपनी विकली. २०२२ साली तिनं गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना घेतला. ‘जय किसान’च्या ज्या थैल्या आपल्या बापजाद्यांनी वाहिल्या, त्या गोव्याच्या कारखान्याच्या. एका बेटाची विसरलेली गुंतवणूक अशी फिरत फिरत मराठी वावराच्या बांधापर्यंत येऊन पोचते.

त्याच १९९३ मध्ये तिसरी गोष्ट घडली. नौरूनं ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. आधी श्रीलंकेचे कायदेपंडित वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग. मग १९८९ साली खटला. मुख्य मागणी ही : स्वातंत्र्यापूर्वी तुम्ही खणून टाकलेली जमीन पूर्ववत करून द्या. खणलेल्या जमिनीचा हा सुमारे एक तृतीयांश भाग. उरलेली त्यांच्या स्वतःच्या राजवटीत खणली गेली, हे नौरूनं कधी लपवलं नाही आणि मीही लपवू नये. ऑस्ट्रेलिया म्हणालं, ब्रिटन आणि न्यूझीलंड हजर नसताना आम्हा एकट्यावर खटला कसा? न्यायालयानं १९९२ साली तो मुद्दा नऊ विरुद्ध चार मतांनी फेटाळला. वीरमंत्री तोवर त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले होते. या खटल्यात ते बसले नाहीत. मूळ दाव्याचा निकाल लागण्याआधीच ऑगस्ट १९९३ मध्ये तडजोड झाली : दहा कोटी सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले पाच कोटी वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडनं आपला वाटा म्हणून प्रत्येकी एक कोटी वीस लाख ऑस्ट्रेलियाच्या हवाली केले.

पुढचं वाचक जाणून असतील. तिजोरी आटली, विमानं गेली, मनोरा विकला गेला, आणि २००१ पासून ऑस्ट्रेलिया आपल्या दारचे निर्वासित नौरूवर ठेवू लागलं, भाडं देऊन.

आज बेटाचा मधला पठारी भाग म्हणजे प्रवाळाचे उघडे सुळके. माणसं राहतात किनाऱ्याच्या पट्ट्यात. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ सायीसारखं तरंगतं. जरा जास्त उपसा झाला की विहीर खारी. हे वाचताना मी भातकुलीतच होतो. आमचा खारपाणपट्टा याहून काय वेगळा? पूर्णेच्या खोऱ्यात बोअर खोल नेलं की पंप मीठ ओढतो, म्हणून शेततळ्यात पाऊस धरून ठेवायचा. हजारो मैलांवरची दोन माणसं आपापल्या मिठावर गोडं पाणी जपत बसलेली.

परवा ही सगळी हकीकत काकांना सांगितली. वेळ दुपारची, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी नाटक, मनोरा, मतमोजणी, सगळं ऐकून घेतलं. मग दुकानदाराचा प्रश्न विचारला, “मंग उधारी कोनाकडं राह्यली?”

मी तडजोडीचा आकडा सांगितला. हप्तेही सांगितले.

काकांनी उधारीची वही पुढ्यात ओढली, उगाच दोन पानं उलटली. “पोरा, वहीत दोन खाते रायतेत,” म्हणाले, “एक मिटली, एक सोडली. हे कोन्या खात्यात लिवाचं?”

मी अजून लिहिलेलं नाही.