नाव नसलेले चित्र

आमचे वाणगाव मिरचीचे गाव. पण २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून येणारे पाहुणे मिरचीआधी ‘वारली’ मागतात. कुणाला कप हवा, कुणाला पडदा, कुणाला उशीचा अभ्रा. आपल्या घराला जरा ‘पर्सनॅलिटी’ यावी, एवढीच माफक इच्छा! तोच अभ्रा हजार घरांत गेल्यावर ती पर्सनॅलिटी नक्की कुणाची, हे विचारण्याचा आगाऊपणा मी करीत नाही. पाहुणे चहाला थांबायचे असतात.

मूळ चित्र विकण्यासाठी नव्हतेच. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. हो, लिहीत, तिथला शब्द तोच आहे. चौकात पालघट देवी बसली नाही तर लग्न लागत नसे. पुढे भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. ते कुणी लिहिले, हे कुणी विचारीत नसे. चित्र घराचे होते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही कला बाहेरच्या जगापुढे आणली आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. कागद उचलून नेता येतो, विकता येतो. मग त्यावर सही लागते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. याच मुलखात १९४५ साली वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उठावे लागले होते. ज्यांच्या घामावरही त्यांचा हक्क नव्हता, त्यांच्यातल्या एकाच्या सहीला किंमत आली! बाजाराने कला नासवली म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मात्र सही आली ती पुरुषाची. सवाशिणी होत्या तशाच निनावी राहिल्या. आणि कपावर तर कुणाचीच सही नसते. २०१० च्या दिवाळीत कोकाकोलाच्या जाहिरातीतही वारली आकृत्या नाचल्या. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे जमातीच्या नावाला कायद्याचे कुंपण तरी पडले.

एका ओळखीच्या वारली बाईंना मी असा एक कप दाखवला. त्यावर नाचणाऱ्यांची रांग होती. या नाचात मधोमध एकजण तारपा फुंकतो आणि त्याच्याकडे कुणी पाठ करायची नाही, असा रिवाज. बाईंनी कप सगळीकडून फिरवून पाहिला, आतही डोकावल्या.

“तारपावाला कुठं आहे?” त्यांनी विचारले. “ही माणसं नाचतात कशावर?”