उपग्रहाच्या ठिपक्यांवरून वणव्याचा नकाशा

शिमगा जवळ आला की सह्याद्रीच्या उतारावरील गवत वाळून करडे पडते आणि रात्री डोंगराच्या अंगावर आगीची माळ दिसू लागते. सर्वसाधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंतचा काळ हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम होय. या काळात नुकसान केवळ जंगलाचेच होते असे नाही. डोंगराला लागून असलेल्या आंबा-काजूच्या बागा, गवताच्या गंज्या, ठिबकच्या नळ्या आणि प्रसंगी गोठेही आगीच्या तोंडी सापडतात. पूर्वी आग कोठून आली हे विचारायचे तर गुराख्यालाच विचारावे लागे. आज ही माहिती उपग्रहांकडून दररोज व विनामूल्य मिळते, आणि बारावी शिकलेला मुलगाही तिच्यावरून इंटरनेटवर नकाशा तयार करू शकतो. परंतु असा नकाशा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे समजून घेतले नाही तर त्यापासून भांडणेच उद्भवतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्च महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या परिसरातील एका गावी एका बागायतदाराची तीन वर्षांची आंबा कलमे वणव्यात होरपळली. त्यांच्या पुतण्याने उपग्रहाची माहिती उतरवून घेतली आणि तिचे ठिपके गटांच्या नकाशावर टाकले. ठिपका नेमका शेजाऱ्याच्या गटात पडला. वेळेच्या रकान्यात ८२४ असा आकडा होता. शेजाऱ्याने त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास बांधावरचे तणकट पेटविले होते, हे सर्वांना ठाऊक होते. मग काय विचारता! दोन्ही घरांचे येणेजाणे बंद झाले. तो नकाशा माझ्याकडे आणला गेला तेव्हा प्रथमदर्शनी मलाही तो बरोबरच वाटला. पुढे त्याच तारखेची २०५४ ही दुसरी नोंद पाहिली आणि मी अडखळलो. रात्री नऊच्या सुमारास पलीकडच्या डोंगरावर आग नव्हतीच, ती मध्यरात्रीनंतर भडकली, असे गावकरी एकमुखाने सांगत होते. तेव्हा कोठे घड्याळाचा घोटाळा ध्यानात आला.

ही वेळ भारतीय नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. म्हणजे ८२४ ही नोंद सकाळी ८ वाजून २४ मिनिटांची नव्हे, तर दुपारी १ वाजून ५४ मिनिटांची. आणि २०५४ म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहाट, २ वाजून २४ मिनिटे. तारीखसुद्धा बदलते, हे विशेष लक्षात ठेवावे. दुसरी चूक ठिपक्याच्या जागेची होती. ती समजण्यासाठी ठिपका येतो कोठून हे पाहणे आवश्यक आहे.

ठिपका म्हणजे काय?

अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘फर्म्स’ नावाची सेवा आहे. जगात कोठेही आग आढळली की सर्वसाधारणपणे तीन तासांच्या आत तिची नोंद येथे सर्वांना खुली होते. सध्या सर्वात उपयोगी पडणारी माहिती ‘व्हिअर्स’ या उपकरणाची होय. हे उपकरण सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) व नोआ-२१ (२०२२) या उपग्रहांवर बसविलेले आहे. त्याआधीचे ‘मोडिस’ हे उपकरण टेरा (१९९९) व ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील असून मागील वीस-बावीस वर्षांचा इतिहास पाहावयाचा असल्यास त्याच्याच नोंदी घ्याव्या लागतात.

उपग्रह ज्वाला पाहत नाही, उष्णता मोजतो. तापलेली वस्तू सुमारे ४ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी फार जोराने बाहेर टाकते. जमिनीचा एक चौकोन शेजारच्या चौकोनांपेक्षा या लहरींत बराच अधिक तापलेला आढळला की संगणक तेथे आग समजतो आणि त्या चौकोनाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश नोंदवितो. नकाशावरचा ठिपका म्हणजे हा मध्यबिंदू होय. व्हिअर्सचा चौकोन उपग्रहाच्या थेट खाली ३७५ मीटर बाजूचा असतो, म्हणजे सुमारे १४ हेक्टर किंवा ३५ एकर. उपग्रह तिरपा पाहत असेल तर तो याहूनही मोठा होतो. मोडिसचा चौकोन तर १ किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टरांचा. या ३५ एकरांत आग कोणत्या कोपऱ्यात होती हे ठिपका सांगत नाही. पूर्ण ३५ एकर जळाले असाही त्याचा अर्थ नाही, कारण मोडिससारख्या ढोबळ उपकरणालासुद्धा १,००० चौरस मीटरची, म्हणजे अवघ्या १० गुंठ्यांची आग सर्वसाधारणपणे सापडते.

वरील उदाहरणात आम्ही ठिपक्याभोवती ३७५ मीटरचा चौकोन आखला. त्यात शेजाऱ्याचा गट होता, बागायतदाराचा स्वतःचा गट होता, आणखी चौघांचे गट होते आणि डोंगराचा पायथाही होता. यावरून शेजारी निर्दोष ठरतो असे मी म्हणणार नाही. सकाळचा विस्तव धुमसत राहून दुपारच्या वाऱ्याने भडकू शकतो. पण दोषी ठरविण्यास तो ठिपका मुळीच पुरेसा नव्हता.

नकाशा तयार करण्याची रीत

फर्म्सच्या संकेतस्थळावर मागील २४ तास, ४८ तास व ७ दिवसांच्या फाइली विभागवार ठेवलेल्या असतात. आपण दक्षिण आशिया हा विभाग निवडावा. जुन्या वर्षांच्या नोंदी हव्या असल्यास तेथेच ई-मेल पत्ता देऊन मागणी नोंदवावी. सीएसव्ही प्रकारची फाइल एक्सेलमध्ये उघडते. केवळ मोबाइलवर पाहावयाचे असल्यास केएमएल फाइल गूगल अर्थमध्ये उघडावी, एवढ्याने भागते.

एक्सेलमध्ये प्रथम आपल्या तालुक्याच्या अक्षांश-रेखांशांबाहेरील नोंदी वगळाव्यात. नंतर भारतीय वेळ व तारखेचा नवा रकाना तयार करावा, आणि नकाशावर जुना रकाना दिसूच देऊ नये. खात्रीच्या रकान्यात व्हिअर्ससाठी लो, नॉमिनल व हाय अशा तीन प्रती असतात. दिवसाच्या ‘लो’ नोंदींपैकी काही पाण्यावरून वा पत्र्यावरून परावर्तित झालेल्या उन्हामुळे येतात, म्हणून त्या फिक्या रंगात दाखवाव्यात. काढून मात्र टाकू नयेत, लहान आगी त्यांतच असतात.

यानंतर क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणक प्रणाली घ्यावी. तिच्यात ओपन स्ट्रीट मॅपचा आधार-नकाशा ठेवून त्यावर आपली फाइल चढवावी. माझ्या मते सर्वात महत्त्वाची पायरी इथेच आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात: ठिपका ठिपका म्हणून ठेवू नये, त्याचा चौकोन करावा. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्या हिशेबाने ३७५ मीटर म्हणजे ०.००३४ अंश. मध्यबिंदूपासून चारही बाजूंना याच्या निम्मे अंतर धरले की चौकोन होतो. चौकोनांना तारखेप्रमाणे रंग दिल्यास आग कोणत्या दिवशी कोणत्या धारेवर होती व कोणीकडे सरकली हे एका दृष्टीत कळते. तयार झालेला नकाशा यूमॅपसारख्या खुल्या सेवेवर ठेवल्यास गावातील कोणालाही तो मोबाइलवर पाहता येतो.

आपल्या शिवारातील वीटभट्ट्या, गुऱ्हाळे व कारखाने स्वतः जाऊन नकाशावर वेगळ्या खुणेने नोंदवावेत. वर्षभर एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा ठिपका वणव्याचा नसतो, भट्टीचा असतो. हे काम संगणकापुढे बसून होत नाही.

न दिसणाऱ्या आगी

हे उपग्रह आपल्यावरून दुपारी साधारण दीडच्या आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या मागेपुढे जातात. चार वाजता पेटून सहाला विझलेली गवताची आग त्यांना दिसतच नाही. दाट ढगाखालचीही दिसत नाही. पंजाब-हरियाणात २०२४ च्या हंगामात भाताच्या काडाच्या आगींचे ठिपके पुष्कळ घटले, परंतु धूर त्या मानाने कमी झाला नाही. दर दहा मिनिटांनी चित्र घेणाऱ्या कोरियाच्या स्थिर उपग्रहावरून पाहता, दुपारचे उपग्रह निघून गेल्यानंतर जाळणी होत असल्याचे दिसून आले. आपल्याकडे ऊस तुटल्यावर पाचट सायंकाळी पेटविण्याची रीत आहे, तीही अशीच नोंदीबाहेर राहते. (हेक्टरी ८ ते १० टन पाचट जाळून नंतर सेंद्रिय खत विकत आणणे हा कोणता हिशेब, ते आम्हा कृषिविद्यावाल्यांना अद्याप उमगलेले नाही.) तात्पर्य, नकाशा कोरा आहे म्हणून आग लागलीच नाही असे कोणी म्हणाल्यास ते मान्य करू नये.

प्रत्यक्ष किती क्षेत्र जळाले हे ठिपक्यांवरून काढू नये. त्यासाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर विनामूल्य पाहता येतात. त्यांचा चौकोन १० ते २० मीटरचा असल्याने जळालेला काळा पट्टा स्पष्ट ओळखू येतो व एक-दोन एकरांचाही अंदाज बांधता येतो. आगीपूर्वीचे व नंतरच्या आठवड्यातील चित्र शेजारी ठेवून पाहावे. वर सांगितलेल्या गावचा वाद शेवटी अशाच चित्राने शांत झाला. काळा पट्टा डोंगराच्या सोंडेवरून खाली उतरून कलमांत शिरला होता, आणि शेजाऱ्याचा बांध व बाग यांच्यामध्ये न जळालेल्या गवताची सलग पट्टी होती. डोंगरावर आग कोणी लावली हे अर्थातच चित्रात नव्हते.

देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वनविभागांना वणव्याच्या सूचना देत आहे. तिच्या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक नोंदविल्यास आपल्या भागातील सूचना आपल्यालाही संदेशाने मिळतात. मात्र त्या वनक्षेत्रातील आगीपुरत्या असतात. माळरानावरील वा खाजगी गवताळ रानातील आग त्यांत येत नाही, म्हणून गावाने स्वतःचा नकाशा ठेवण्यात अर्थ आहे. तीन-चार हंगामांचे चौकोन एकावर एक ठेवले की आग नेहमी कोणत्या सोंडेवरून उतरते हे दिसते. जाळरेषा तेथे काढावी, आणि ती गवत पूर्ण वाळण्यापूर्वी, वनरक्षकांना सोबत घेऊन व वारा नसताना काढावी. बागेभोवतीचा पट्टा जाळण्याऐवजी गवत कापून व माती उकरून साफ केलेला बरा.

आग प्रत्यक्ष दिसत असेल तर नकाशा उघडत बसू नये. ठिपका येईपर्यंत तीन तास गेलेले असतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करून गाव, डोंगराचे स्थानिक नाव व वाऱ्याची दिशा सांगावी.