गारा छपरावर, पॉलिसी कपाटात!

गावाकडच्या घराचं छप्पर गारांनी फुटलं, तर होम इन्शुरन्सचा क्लेम करायचा कसा? पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या तमाम जळगाव-धुळेकरांसाठी...

पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दर दोन टेबलांमागे एक खान्देशी सापडतोच. थंडी पडली की भरीत पार्टीचे बेत आखणारा आणि 'आपल्यासारखी' शेवभाजी कुठे मिळते, याचा नकाशा डोक्यात ठेवून फिरणारा! त्याच्या बाइकचा इन्शुरन्स असतो. मेडिक्लेम ऑफिसचा असतो. मोबाइलच्या स्क्रीनचासुद्धा काढलेला असतो. हिंजवडीतल्या फ्लॅटचा तर बँकेने होम लोनबरोबर गळ्यात मारलेला असतो. आणि जळगावच्या घराचा? 'तिथे कशाला? तिथे आई-बाबा आहेत ना!'

गंमत बघा. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या स्लॅबला गारांनी काही होत नाही. गारा फोडतात ते गावाकडे. गच्चीवरच्या खोलीचे सिमेंटचे पत्रे, मागच्या पडवीची मंगलोरी कौलं, पोर्चवरची फायबर शीट, सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या...

२०१४ आठवतंय?

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत त्या वर्षी गारपिटीने राज्याला झोडपून काढलं. विदर्भ, मराठवाडा, खान्देश... एकूण २८ जिल्हे. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात होते आणि पेपरात रोज आडव्या झालेल्या पिकांचे फोटो यायचे. सरकारने चार हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. चर्चा सगळी शेतीची झाली आणि ते योग्यच होतं. पण घरांचं काय?

गारपीट सरकारच्या नैसर्गिक आपत्तींच्या यादीत आहे. महसूल खात्याचे लोक पंचनामा करतात, मदतही मिळते. ती किती? केंद्राच्या २०२२-२६ साठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. म्हणजे पत्रे आणि मिस्त्रीची मजुरी धरली, तर बाकीचा खर्च बाबांच्या पेन्शनमधून! ही मदत आधार म्हणून असते, भरपाई म्हणून नाही. भरपाई हवी तर विमा हवा. आणि विमा असला, तरी तो मिळवता यायला हवा.

मावशीचे पत्रे

माझ्या मावशीचं घर जळगावात. मुलाने हट्टाने पॉलिसी काढून दिलेली. एका संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं गारा पडल्या आणि गच्चीवरच्या खोलीचे पत्रे फुटले. आत गव्हाच्या कोठ्या, गाद्या, मुलांची जुनी पुस्तकं. रात्रभर बादल्या लावल्या. सकाळी पुन्हा आभाळ भरून आलेलं. काकांनी मिस्त्री बोलावला, दुपारपर्यंत नवे पत्रे चढले, फुटके पत्रे गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्याने उचलून नेले. कंपनीला फोन झाला तो त्यानंतर.

सर्व्हेअर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, 'फुटलेले पत्रे कुठे आहेत?'

पत्रे नव्हते. फोटो नव्हते. मिस्त्रीने बिल दिलेलं नव्हतं. सोलरच्या नळ्यांच्या काचा तेवढ्या कोपऱ्यात झाडून ठेवलेल्या होत्या, त्यांचे पैसे मिळाले. पत्र्यांचे नाही. 'मग काय पावसात घर उघडं ठेवायचं होतं का भो?' मावशीचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की उघडं ठेवायचं नाही, झाकायचं! ताडपत्री टाकून तात्पुरतं झाकणं ही तर पॉलिसीचीच अपेक्षा असते, नुकसान आणखी वाढू नये म्हणून. कायमची दुरुस्ती मात्र पाहणी झाल्यावर. सगळा क्लेम या एका फरकावर उभा असतो किंवा आडवा होतो.

पॉलिसीत गारा आहेत का?

१ एप्रिल २०२१ पासून घरांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी विकावीच लागते. तिच्यात आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर वादळ आहे. 'गारपीट' असा सुटा शब्द मात्र त्या यादीत नाही! गारा वादळाबरोबर येतात, म्हणून क्लेम वादळाच्या खात्यात मांडायचा. त्यासाठी त्या दिवशी वादळ झालं होतं, याचा पुरावा हाताशी हवा. हवामान खात्याची नोंद, स्थानिक पेपरचं कात्रण, पंचनाम्याची प्रत... काहीही चालेल. पॉलिसी घेतानाच 'गारांचं नुकसान धरता ना?' हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटच्या 'हो हो, सगळं कव्हर्ड आहे सर'ला काडीची किंमत नसते.

चांगल्या गोष्टीही आहेत. या पॉलिसीत 'घर' म्हणजे नुसत्या चार भिंती नाहीत. पोर्च, कंपाउंड वॉल, बसवलेली पाण्याची टाकी आणि सोलर पॅनलही त्यात मोडतात. विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर, जागेच्या भावावर नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. मलबा उचलायचा खर्चही क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

पहिले तीन दिवस

गारा थांबल्या की आधी फोटो. छप्पर खालून, वरून, चारही बाजूंनी. अंगणात गारांचा खच असेल तर शेजारी नाणं ठेवून एक फोटो घ्या, आकार कळतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि स्क्रीनशॉट काढत राहा. त्यांना गच्चीवर चढायला मात्र सांगू नका, फुटक्या पत्र्यावर पाय देणं जिवावर बेतू शकतं. मग ताडपत्री. तिचं बिल ठेवा. फुटलेले तुकडे एका कोपऱ्यात रचून ठेवा, भंगारवाल्याला हात लावू देऊ नका.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोन केलात तरी पाठोपाठ ईमेल करा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. हे पुण्यातल्या ऑफिसात बसून, लंच ब्रेकमध्येही होतं. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. सोबत पॉलिसी, फोटो, मिस्त्रीचं लेखी कोटेशन.

पुढची घडी कंपनीच्या हातात असते, पण तिलाही डेडलाइन आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय कळवायचा. सर्व्हेअर येईल तेव्हा आई-बाबांना एकटं सोडू नका. निदान फोनवर हजर राहा आणि त्याने काय काय पाहिलं, हे त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेलने कळवून टाका.

क्लेम नाकारला तर? कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल आहेत. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त वर्षाच्या आत जायचं.

घर कोणाच्या नावावर?

आपल्याकडे हा प्रश्न विचारणं म्हणजे भांडणाला आमंत्रण! पण विचारा. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली तरी प्रॉपर्टी कार्डावर त्यांचंच नाव असलेली घरं जळगावात काय नि धुळ्यात काय, गल्लोगल्ली सापडतील. प्रीमियम तुम्ही भरा, हरकत नाही, पण पॉलिसी घराच्या मालकाच्या नावावर हवी. नाहीतर पत्र्याचे पैसे कोणाला द्यायचे, इथेच गाडी अडते.

हे करून ठेवा

* छप्पर, सोलर, टाकी यांचे धडधाकट अवस्थेतले फोटो. तारखेसकट.
* पॉलिसीची प्रत तुमच्या ईमेलमध्ये आणि कंपनीचा नंबर आईच्या फोनमध्ये.
* पत्रे, सोलर यांची जुनी बिलं एका फाइलमध्ये.
* माळ्यावर एक चांगली ताडपत्री.
* दर वर्षी रिन्यूअलची तारीख फेब्रुवारीच्या आधी तपासणं.

गारा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीही येतात आणि अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत. या वीकएण्डला गावी जाणार असाल, तर जेवण झाल्यावर बाबांना एवढंच विचारा, 'घराचे कागद कुठे आहेत?' उत्तर शोधायला अख्खी दुपार गेली, तरी ती सत्कारणी लागली समजा.